देखणं धावणं आणि वेगानं धावणं

१. पुढचा माणूस आरामात का दिसतो?

वाणगाव, बोईसर, पालघर या पट्ट्यात पहाटे रनिंगला उतरणाऱ्या मुलामुलींपैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती असते. शिपाई भरतीची मैदानी चाचणी, म्हणजे या मुलांच्या बोलण्यातलं ‘ग्राउंड’, ५० गुणांचं असतं. लांब धावण्याला २० गुण, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. गोळाफेकीला १५ आणि शंभर मीटरला १५. शंभर मीटरमध्ये सेकंदाच्या एखाद्या तुकड्यावर गुण जातात, त्यामुळे ही मुलं मोबाइलवर मोठमोठ्या शर्यती पुन्हा पुन्हा बघतात. त्यातून एक प्रश्न हमखास निघतो: जो सगळ्यांच्या पुढे असतो, नेमका तोच सगळ्यांत आरामात धावताना का दिसतो? मागचे दातओठ खात असतात, त्यांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या असतात, खांदे कानांपर्यंत चढलेले असतात. पुढच्याचे गाल मात्र पावलागणिक थुलथुलत असतात आणि हाताची बोटं मोकळी असतात. जीव तोडून धावतोय तो मागे आणि जीव न तोडणारा पुढे, हे कसं?

याची दोन उत्तरं सर्रास दिली जातात. पहिलं असं की तो मुळातच वेगवान आहे, म्हणून त्याला आरामात धावणं परवडतं. देखणेपणा ही वरची सजावट. दुसरं याच्या उलट: तो देखणा धावतो म्हणूनच वेगवान आहे, तेव्हा त्याची ढब उचला, वेग आपोआप येईल. मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. ती का अपुरी आहेत हे नीट पाहायचं तर शंभर मीटरच्या दहा-अकरा सेकंदांत शरीरात काय चालतं ते आधी समजून घ्यावं लागेल. ते समजलं, की आपल्याकडच्या एका विसरल्या गेलेल्या धावपटूकडेही वेगळ्या नजरेनं पाहता येईल.

२. लेव्ही पिंटो

मिल्खा सिंग आणि पी. टी. उषा ही नावं घराघरात माहीत आहेत. लेव्ही पिंटो हे नाव सांगितलं तर महाराष्ट्रातही बहुतेक जण थबकतील, आणि याची मला मनापासून खंत वाटते. मूळ गोव्याचं कुटुंब, १९२९चा नैरोबीचा जन्म, आणि धावपटू म्हणून ओळख मुंबईची. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिली आशियाई क्रीडास्पर्धा झाली. अकरा देश आले होते. पिंटोनं तिथे १०० मीटरचं सुवर्ण १०.८ सेकंदांत आणि २०० मीटरचं सुवर्ण २२.० सेकंदांत जिंकलं, शिवाय ४ गुणिले १०० मीटर रिलेत भारताला रौप्य मिळवून देणाऱ्या चौघांत तो होता. पुढच्या वर्षी तो हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावला. ते ऑलिंपिक मराठी माणसाला आठवतं ते खाशाबा जाधवांच्या कुस्तीतल्या कांस्यपदकासाठी. त्याच भारतीय पथकात मुंबईचा हा धावपटू होता, वांद्र्याची मेरी डिसोझाही होती.

त्या सुवर्णाचं मोल कळायला एकच गोष्ट पुरे. १९५१ नंतर आशियाई स्पर्धेतलं १०० मीटरचं सुवर्ण एकाही भारतीयाला, पुरुषाला किंवा स्त्रीला, मिळालेलं नाही. २०० मीटरमध्ये मिल्खा सिंगनं १९५८ मध्ये मिळवलं, पुढे महिलांनी मिळवलं. शंभर मीटरच्या पाटीवर मात्र भारताचं नाव एकदाच लागलं आणि ते पिंटोचं. अर्जुन पुरस्कार सुरू झाले १९६१ मध्ये, म्हणजे त्याच्या यशाला दहा वर्षं उलटल्यावर. नंतर तो अमेरिकेत शिकागोला स्थायिक झाला आणि तिथेच फेब्रुवारी २०२० मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी गेला.

कुस्तीगीर गेला की त्याच्या डावांच्या गोष्टी तालमीत उरतात, गायक गेला की ध्वनिमुद्रण उरतं. धावपटू गेला की हातात आकडा उरतो. ‘१०.८’ हा आकडा आजच्या मुलाला सांगितला तर तो म्हणेल, एवढं तर आमच्या जिल्ह्यातला अमुकही धावतो. हे म्हणणं चूक का आहे, आणि त्या आकड्यांतून धावण्याची ढब थोडीफार तरी कशी वाचता येते, ते पुढे येईलच. आधी शर्यत उलगडू.

३. शेवटच्या वीस मीटरमध्ये कुणीच वेग वाढवत नाही

शंभर मीटरची शर्यत पाहताना वाटतं की जिंकणारा शेवटी जोर काढतो आणि सुटतो. हा डोळ्यांचा भ्रम आहे. उसेन बोल्टनं २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम केला, त्याचे दर वीस मीटरचे वेळ उपलब्ध आहेत. पहिल्या वीस मीटरला २.८९ सेकंद, पुढच्या वीसला १.७५, मग १.६७, मग १.६१ आणि शेवटच्या वीसला १.६६. म्हणजे साठ ते ऐंशी मीटरच्या टप्प्यात तो सर्वांत वेगात होता, सेकंदाला १२.४ मीटर, ताशी जवळपास ४५ किलोमीटर. त्यानंतर त्याचाही वेग उतरला. जगातला सर्वांत वेगवान माणूस सर्वांत वेगवान दिवशी शेवटच्या वीस मीटरमध्ये मंदावत होता. साधा धावपटू तर चाळीस-पन्नास मीटरलाच आपल्या कमाल वेगाला पोचतो आणि उरलेलं अर्धं अंतर उतरत्या वेगानं काढतो. शेवटी जो सुटून पुढे गेल्यासारखा दिसतो तो इतरांपेक्षा कमी मंदावत असतो, एवढंच.

म्हणून शंभर मीटरचे दोन वेगळे प्रश्न होतात. कमाल वेग किती मोठा, हा पहिला. तो किती वेळ टिकतो, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बरंचसं जमिनीत आहे. पाय जितके भराभर फिरवू तितका वेग वाढेल असं आपल्याला वाटतं. अमेरिकेतले संशोधक पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मोजून दाखवलं की हवेतला पाय पुढे आणायला लागणारा वेळ मंद आणि वेगवान माणसांत फारसा वेगळा नसतो. फरक पडतो तो पाऊल जमिनीवर असताना. वेगवान माणूस त्या क्षणात जमिनीला जास्त जोरात ढकलतो आणि लवकर सुटतो. उत्तम धावपटूचं पाऊल कमाल वेगात जमिनीवर जेमतेम सेकंदाचा दहावा हिस्सा टेकतं. तेवढ्यात त्या एका पायावर येणारा जोर वजनाच्या चौपटीवर जाऊ शकतो. साठ किलोचा मुलगा असेल तर अडीचशे किलोच्या आसपासचा भार, एका पायावर, डोळ्याची उघडझाप होण्याआधी. तेव्हा घोटा ढिला पडून टाच खाली बसली तर जोर तिथेच जिरतो. पाऊल शरीराच्या फार पुढे पडलं तर जमीनच माणसाला मागे रेटते. धापधाप आवाज करत धावणाऱ्याचं बहुधा हेच होत असतं.

४. स्नायू सोडता येणं

दुसरा प्रश्न वेग टिकवण्याचा, आणि देखणेपणाचं मूळ इथे आहे. स्नायू ओढू शकतो, ढकलू शकत नाही. त्यामुळे शरीरात ते समोरासमोर जोडीनं बसवलेले आहेत. मांडीचा पुढचा स्नायू गुडघा सरळ करतो, मागचा वाकवतो. लाकडाच्या वखारीत मोठा ओंडका दोघांनी मिळून करवतीनं कापताना हेच असतं: एक ओढतो तेव्हा दुसऱ्यानं हात सैल सोडायचा, मग दुसरा ओढतो तेव्हा पहिल्यानं. दोघांनीही मूठ आवळून धरली तर दोघेही घामाघूम होतात आणि करवत जागची हलत नाही. त्यांचा जोर खोटा नसतो, तो एकमेकांना खाण्यात जातो. नवख्या जोडीला शक्ती कमी पडत नाही, सोडण्याची वेळ चुकते.

आता याला धावण्याचा वेग लावून बघा. बोल्टनं बर्लिनला शंभर मीटरमध्ये ४१ पावलं टाकली, म्हणजे सेकंदाला चाराहून जास्त. प्रत्येक पावलात मांडीच्या, पोटरीच्या, नितंबाच्या स्नायूंनी आकसायचं आणि पुढच्या कामाआधी सैल व्हायचं. हे सैल होणंही फुकट नाही. स्नायू आकसताना त्याच्या आत कॅल्शियम सोडलं जातं, आणि तो सैल पडण्यासाठी ते कॅल्शियम परत आत ओढून घ्यावं लागतं. त्याला वेळही लागतो आणि इंधनही. पूर्ण जोरानं धावताना स्नायूतला तयार इंधनाचा साठा थोड्याच सेकंदांत बराचसा उतरतो, आणि थकलेला स्नायू आकसायला जितका कुरकुरतो तितकाच, किंबहुना जास्त, सैल पडायला उशीर लावू लागतो. मागचा स्नायू अजून अर्धवट ताठ असताना पुढचा काम सुरू करतो. पाऊल आखडतं, गुडघा वर येत नाही. माणसाला वाटतं आपण कमी पडतोय, म्हणून तो आणखी जोर लावतो. हा वाढीव जोर खांदे, मान, जबडा आणि मुठींत जातो, कारण पायांत तो घालायला जागाच उरलेली नसते. बाहेरून आपल्याला दिसतो तो दातओठ खाणारा, जीव तोडणारा धावपटू.

अमेरिकेतले प्रशिक्षक बड विंटर यांनी आपलं जवळपास सगळं शिकवणं या एका गोष्टीवर उभं केलं होतं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलाच्या वैमानिकांना शरीर सैल सोडायला शिकवलं, आणि पुढे सान होजेच्या महाविद्यालयात टॉमी स्मिथ, जॉन कार्लोस, ली इव्हान्स अशा धावपटूंना. जबडा सोडा, हात सोडा, आणि पूर्ण जोर लावण्याऐवजी थोडा कमी लावा, असं ते सांगत. विंटर यांचे धावपटू बहरले ते विज्ञानाच्या कसोट्या लागण्याआधी, त्यामुळे त्यांचं प्रत्येक म्हणणं जसंच्या तसं घ्यावं असं नाही. पण मुद्द्याचा गाभा स्नायूंच्या स्वभावाला धरून आहे. जबडा आवळून कुणी वेगानं धावत नाही, आणि जबडा सैल आहे हे बहुतेक वेळा खाली पायातही नको तो ताण नाही याची खूण असते.

म्हणजे देखणं धावणं ही वेगावर चढवलेली सजावट नाही. पण ते वेगाचं कारणही नाही. जोर जमिनीत गेला आणि इतरत्र वाया गेला नाही, की जे दिसतं ते देखणं दिसतं. नुसतं सैल धावणारा, जमिनीला ढकलण्याची ताकद नसलेला माणूसही मोहक दिसेल, पण शेवटून पहिला येईल.

५. मग बेढब धावणारे जिंकतात कसे?

या म्हणण्यावर आक्षेप घेण्याजोगी मोठी नावं आहेत, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. बॉब हेजनं १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण १०.० सेकंदांत जिंकलं, तेही उकरलेल्या आतल्या पट्टीतून. तो खांदे डोलवत, पावलं आत वळवत, अंगावर येणाऱ्या माणसासारखा धावायचा. हेलसिंकीतच एमिल झाटोपेकनं ५०००, १०००० आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं नेली, आणि त्याची मान कलंडलेली व चेहरा वेदनेनं पिळवटलेला असायचा. मायकेल जॉन्सन पाठ जवळजवळ सरळ ठेवून, लहान पावलांनी धावायचा. पुस्तकी ढबीशी त्याचं काही जुळत नव्हतं, तरी १९९६ मध्ये त्यानं २०० मीटर १९.३२ सेकंदांत काढले. खुद्द बोल्टच्या पाठीच्या कण्याला बाक आहे, आणि वेयंड यांच्याच चमूला आढळलं की त्याचे दोन पाय जमिनीला सारखा जोर देत नाहीत.

झाटोपेकचं उत्तर सोपं आहे. लांब अंतरात चेहरा आणि पाय यांचा हिशेब वेगळा असतो. त्याचं वरचं अंग तडफडत होतं, पण कमरेखालचा ठेका मोडत नव्हता. बोल्ट आणि जॉन्सन यांच्यावरून एवढंच कळतं की देखणेपणा म्हणजे डावी-उजवी बाजू हुबेहूब सारखी असणं नव्हे, किंवा एखाद्या ठरावीक आकृतीत बसणंही नव्हे. प्रत्येकाच्या हाडांची लांबी, कण्याची ठेवण वेगळी, आणि ताण वाया न घालवण्याची प्रत्येकाची वाटही त्याच्यापुरती. खरा आक्षेप उरतो तो हेजचा. त्याच्या धावण्यात हालचाल वाया जात होती हे डोळ्यांना दिसतं, तरी तो जिंकला. यावरून मी एवढंच मान्य करीन की ताकद पुरेशी मोठी असेल तर काही गळती परवडते. गळती फायद्याची आहे, असं यावरून सिद्ध होत नाही. आणि भरतीच्या मैदानावर उभ्या असलेल्या मुलाकडे हेजची ताकद नसते. त्याला गळतीच बंद करावी लागते.

६. पिंटोचे दोन आकडे

आता १०.८ आणि २२.० कडे परत येऊ. ही वेळ हाताच्या घड्याळानं घेतलेली. पंच बंदुकीचा धूर पाहून घड्याळ सुरू करतो, त्यात क्षणभर उशीर होतो. शेवटच्या रेषेवर मात्र धावपटू येताना दिसत असतो, म्हणून तिथे घड्याळ वेळेवर थांबतं. हातघड्याळ त्यामुळे वेळ कमी दाखवतं, आणि तुलना करताना त्यात साधारण ०.२४ सेकंद मिळवायची पद्धत आहे. ही तफावत किती असू शकते याचं ढळढळीत उदाहरण हेलसिंकीच्याच १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत मिळतं. पहिल्या चौघांनाही हातघड्याळानं १०.४ दिले, आणि क्रम ठरवायला छायाचित्र बघावं लागलं. कॅमेऱ्यावरून त्यांचे वेळ निघाले १०.७९ ते १०.८४.

पिंटोच्या आकड्यांत ०.२४ मिळवले की शंभरला ११.०४ आणि दोनशेला २२.२४ मिळतात. भारताच्या अनिमेष कुजूरनं २०२५ मध्ये १०.१८ सेकंदांची नोंद केली, म्हणजे पाऊण सेकंदाहून थोडा जास्त फरक, रेषेवर सुमारे आठ मीटर. मात्र कुजूर कृत्रिम धावपट्टीवर धावला. अशी पट्टी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली १९६८ साली, मेक्सिकोत. पिंटोच्या काळातली पट्टी कोळशाच्या राखेची किंवा खंगरांची. प्रत्येक पावलाला ती थोडी सरकायची आणि जोर गिळायची. बूट, प्रशिक्षण, आहार, सगळंच निराळं होतं. तेव्हा १०.८ हा आकडा आजच्या आकड्यांशेजारी ठेवून लहान ठरवणं हा अन्याय आहे. खेळाडू तोलायचा तो त्याच्या काळातल्या माणसांशी, आणि त्यांत आशियात तो पहिला होता.

दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट कळते. दोनशेला शंभरनं भागा. दोनशे मीटरमध्ये जागेवरून सुरुवात एकदाच करावी लागते, त्यामुळे दुसऱ्या शंभरात वेळ वाचायला हवा. ती वाचलेली वेळ वळण आणि थकवा खाऊन टाकतात. ताण न घेता वेग टिकवणाऱ्याचं हे गुणोत्तर दोनच्या जवळ राहतं. बोल्टचं, १९.१९ भागिले ९.५८, बरोबर २.०० येतं. समजा एखादा मुलगा शंभर मीटर १२ सेकंदांत काढतो आणि दोनशेला त्याला साडेपंचवीस लागतात. त्याचं गुणोत्तर २.१२ होईल. याचा अर्थ वेग आहे, पण तो धरून ठेवता येत नाही. पिंटोचं सुधारलेल्या आकड्यांवरून २.०१ येतं, आणि हातघड्याळाचे मूळ आकडे घेतले तरी २.०४. राखेच्या पट्टीवर, एकाच स्पर्धेत दोन्ही शर्यती जिंकताना, त्यानं वेग जवळजवळ सांडूच दिला नाही. अशा धावण्यात अंग आखडलेलं असणं शक्य नाही. म्हणून मी म्हणतो, पिंटो देखणा धावपटू होता हे त्या दोन आकड्यांतच लिहिलेलं आहे. कुणी म्हणेल, दोन शर्यतींवरून एवढा निष्कर्ष काढणं धाडसाचं आहे. ते खरं आहे, वारा, प्रतिस्पर्धी, त्या दिवसाची पट्टी या सगळ्यांनी आकडे इकडेतिकडे होतात. पण चूक हातघड्याळाची धरा किंवा वाऱ्याची, २.०१ चं २.१२ होत नाही.

७. वाणगावच्या मैदानावर

मग रनिंगला येणाऱ्या मुलानं काय करावं? ढब उचलण्याच्या फंदात पडू नये. गाल सैल ठेवण्याचा आटापिटा हाही शेवटी ताणच. आधी जमिनीला ढकलण्याची ताकद कमवावी: चढ, उड्या, एका पायावरच्या उठाबशा, वीस-तीस मीटरच्या दमदार धावा आणि दोन धावांत पुरेशी विश्रांती. चिंचणीच्या किनाऱ्यावर वाळूत धावायची या भागात सोय आहे, पण त्यात एक गोष्ट लक्षात ठेवायची. कोरड्या भुसभुशीत वाळूत धावायला कडक जमिनीपेक्षा दीडपटीहून जास्त शक्ती खर्च होते, कारण पावलाचा जोर वाळू खाते. ताकदीसाठी ते चांगलं. पण सगळा सराव तिथेच केला तर पाऊल जमिनीवर जास्त वेळ रेंगाळायची सवय लागते, आणि ग्राउंडच्या दिवशी पट्टी कडक असते. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू त्यापेक्षा बरी, आणि वेगाच्या धावा गावातल्या सपाट, दाबलेल्या मैदानावरच काढाव्यात.

आणि एक मोबाइल कामाला लावावा. शंभर मीटर आखून साठ ते ऐंशीच्या पट्ट्यासमोर मित्राला बाजूनं उभं करायचं आणि संथगती चित्रण करायचं. नंतर तीनच गोष्टी बघायच्या. पाऊल कमरेखाली पडतंय की पुढे? टाच खाली बसतेय का? आणि साठ मीटरनंतर खांदे वर चढू लागलेत का? पहिल्या दोन गोष्टी जमिनीच्या, तिसरी सोडण्याची. खांदे चढत असतील तर पुढच्या धावेत थोडा कमी जोर लावून धावायचं आणि घड्याळ बघायचं. पुष्कळदा वेळ तीच येते, कधी सेकंदाच्या दहाव्या हिश्शानं कमीही भरते. शंभर आणि दोनशे, दोन्हींची वेळ महिन्यातून एकदा वहीत लिहायची आणि भागाकार करायचा. तो २.१ वरून २.०५ कडे सरकत असेल, तर शंभर मीटरच्या १५ गुणांसाठी केलेला सराव योग्य जागी चाललाय.